पाहणीला आलेल्यांनी आधी फ्रीज उघडला

पाहणीला दोघं आले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. इंडियानातल्या एका हायस्कूलच्या पार्किंगमध्ये आमचा स्वयंपाकाचा ट्रक उभा होता आणि मी ओटमीलच्या पातेल्यात डाव फिरवत होते. मैदान रिकामं होतं. खरं तर त्या वेळी सराव रंगात असायला हवा होता. आमच्या ड्रम कोअरला, म्हणजे पोरांच्या वाद्यपथकाला, स्पर्धेच्या वरच्या वर्गात घ्यायचं की नाही हे ठरवणारी माणसं दारात आली होती आणि आमची सगळी मुलं जिमच्या फरशीवर गाढ झोपली होती.

त्या दोघांपैकी बाई ट्रकमध्ये चढल्या, हात धुतले आणि पहिल्यांदा फ्रीज उघडला. आतल्या तापमापकावर 38 अंश फॅरनहाइट होते. मग दाराला अडकवलेला तक्ता त्यांनी ओळीओळीवर बोट ठेवून वाचला. दर चार तासांनी कुणी, किती अंश नोंदवले, त्याचा तो तक्ता.

"पहाटे चारची नोंद कुणाची?"

"माझी," मी म्हणाले.

"तेव्हा तुम्ही जाग्या होतात?"

"मुलांची बस यायची होती. चार वीसला आली."

"आणि मुलांना कधी उठवणार?"

"साडेबाराला."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, ओटमीलचा वाडगा घेतला आणि ट्रकच्या पायरीवर बसून खाल्ला. माझ्या छातीत धडधडत होतं. इतक्या वर्षांची मेहनत त्या वहीत कुठल्या शब्दांत उतरते आहे, काही कळत नव्हतं.

मी मूळची पुण्याची. कॉलेजात असताना दोन वर्षं पथकात ढोल वाजवला. नदीपात्रातला सराव, कमरेला पडलेले दोरीचे वळ, ढोलाचं पान ताणताना सोलपटलेली बोटं, हे सगळं अंगात मुरलेलं. लग्नानंतर ओहायोत आले. इथल्या मंडळाच्या गणपतीत पथक आहे, त्यात माझ्या लेकीनं आठव्या वर्षी ताशा गळ्यात घातला. हायस्कूलच्या बँडमध्ये तिच्या हाती स्नेअर ड्रम आला आणि सोळाव्या वर्षी ती म्हणाली, "आई, मला ड्रम कोअर करायचंय."

ड्रम कोअर म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगताना मी पथकापासूनच सुरुवात करते. ढोलांच्या जागी बेस ड्रम, ताशांच्या जागी स्नेअर आणि टेनर, ध्वजधाऱ्यांच्या जागी कलर गार्ड, आणि वर ट्रम्पेटपासून ट्यूबापर्यंतची पितळी वाद्यं. पण ही मिरवणूक नव्हे. फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम सादर करायचा आणि त्यात प्रत्येक मुलाची, प्रत्येक ठोक्याला उभं राहायची जागा पावलांच्या हिशोबात ठरलेली. वय एकविसापर्यंतच. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या संघटनांनी सैन्यातली उरलेली बिगुलं आणि ड्रम पोरांच्या हाती दिले, तिथून हे सुरू झालं. 1971 साली काही कोअरच्या प्रमुखांनी, स्पर्धेचे नियम आणि पैसा आपल्या हाती असावा म्हणून, ड्रम कोअर्स इंटरनॅशनल ही स्वतःची संस्था काढली. 1972 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली, ती अ‍ॅनाहाइम किंग्जमेननं जिंकली. आज संस्थेत मुलांच्या कोअरचे दोन वर्ग आहेत, वरचा वर्ल्ड क्लास आणि खालचा ओपन क्लास. 2008 पूर्वी वर्ल्ड क्लासला पहिला विभाग म्हणत, आणि दुसरा व तिसरा विभाग मिळून ओपन क्लास झाला.

ही संस्था कोअरनीच काढलेली आहे, हे ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं उलगडतं. नवं कोअर वर घ्यायचं म्हणजे बाकीच्यांनी त्याला आपल्या दौऱ्यात आणि आपल्या तिकीटविक्रीत वाटेकरी करून घ्यायचं. जुलैच्या मध्यावर ते कोलमडलं, तर ज्या गावात त्याचं नाव छापून तिकिटं विकली तिथल्या संयोजकाला लोकांना तोंड द्यावं लागतं. म्हणून पाहणी. वाजवता तर येतंच, ते मैदानावर दिसतंच. पाहायचं असतं ते बाकीचं.

लेकीला नावाजलेल्या कोअरमध्ये जागा मिळाली नाही. स्नेअरच्या जागा आठ-दहा आणि निवडीला आलेली मुलं त्याच्या कितीतरी पट. ती आठवडाभर नीट जेवली नाही. त्याच हिवाळ्यात आमच्या भागातल्या दोन बँडशिक्षकांनी नवं कोअर काढायचं ठरवलं आणि ती तिकडे गेली. पहिल्या शिबिरात एक्केचाळीस मुलं होती. ट्यूबा तीन, त्यातली एक वाकलेली. मी लेकीला सोडायला गेले आणि दुपारी सँडविच करायला हात कमी पडतायत म्हणून थांबले. पुढची सात वर्षं मी तिथून हललेच नाही.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही साउंडस्पोर्टमध्ये उतरलो. नवख्या गटांसाठी हा उत्तम दरवाजा आहे. पाच-सात मिनिटांचा कार्यक्रम, दौरा नाही, मोठं मैदान नाही, आणि क्रमांक लावण्याऐवजी सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य असा दर्जा. आम्हाला रौप्य मिळालं. मुलांनी पार्किंगमध्ये एकमेकांना उचलून घेतलं. त्या संध्याकाळी संचालकांनी मला एक बुटांचा खोका दिला, त्यात वर्षभराच्या पावत्या होत्या. मी अकाउंटंट आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हा आमची वर्षाची उलाढाल पन्नास हजार डॉलरच्या आत होती, म्हणजे ना-नफा संस्थेनं सरकारला दरवर्षी द्यायच्या तपशिलाचा नुसता फॉर्म 990-एन भरायचा, ज्याला इथे पोस्टकार्ड म्हणतात. पुढे आम्ही 990-ईझेडवर गेलो आणि दोन लाख ओलांडल्यावर पूर्ण 990 वर. कोअर किती वाढलं हे बाकीचे गुणांवरून मोजतात, मी या तीन फॉर्मांवरून मोजत आले. 990 सार्वजनिक असतो, कुणीही उघडून वाचू शकतो. मोठ्या कोअरचे मी रात्री बसून वाचले. त्यांचा किती पैसा बसवर जातो, किती अन्नावर, किती शिक्षकांवर, हे पाहताना मला पहिल्यांदा नीट कळलं की आपण कशाला हात घातलाय.

पालकांच्या पहिल्याच सभेत एका वडिलांनी विचारलं, "आपण फायनलला कधी?" फायनल म्हणजे ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियमवर शनिवारी रात्री वाजवणारे शेवटचे बारा. संचालकांनी त्यांना बसायला सांगितलं आणि फळ्यावर लिहीत गेले. ओहायोतलंच ब्लूकोट्स, स्थापना 1972, पहिली फायनल 1987, पहिलं विजेतेपद 2016. कॅरोलायना क्राउन, 1988 मध्ये जन्म, 2013 मध्ये विजेतेपद. अ‍ॅरिझोनातलं द अकॅडमी, 2001 मध्ये सुरू, फायनल 2016. आणि सॅक्रामेंटोचं मँडरिन्स, 1963 मध्ये तिथल्या चिनी-अमेरिकन कुटुंबांनी आपल्या मुलांसाठी काढलेलं, कैक वर्षं लहान कोअरच्या विभागात जिंकत आलेलं, ते 2018 साली पहिल्यांदा बारात आलं. या शेवटच्या नावापाशी मी लिहून घ्यायची थांबले. परक्या देशात आपल्या पोरांसाठी काढलेलं पथक आणि पंचावन्न वर्षांची वाट. ते वडील गप्प बसले. बोस्टन क्रूसेडर्सचं उदाहरण तेव्हा पुरं व्हायचं होतं. 1940 पासूनचं ते कोअर 1999 मध्ये पहिल्यांदा बारात आलं आणि जिंकलं ते 2025 मध्ये.

साउंडस्पोर्टनंतर ओपन क्लास. इथे येतानाही कागदपत्रं द्यावी लागतात आणि वसंतात सरावाचं चित्रीकरण पाठवावं लागतं. अडुसष्ट मुलं होती. ओपन क्लासचा दौरा वर्ल्ड क्लासपेक्षा आखूड असतो, पण दौरा तो दौराच. रात्री कार्यक्रम संपला की ट्रक भरायचे, बसमध्ये झोपायचं, पहाटे पुढच्या गावातल्या शाळेत उतरायचं, जिममध्ये फुगवायच्या गाद्या टाकायच्या, उठून सराव, मग पुन्हा कार्यक्रम. दिवसाला चार जेवणं: नाश्ता, दुपारचं, कार्यक्रमाआधीचं आणि कार्यक्रमानंतर रात्री साडेअकराला चौथं. शिक्षक, स्वयंसेवक, ड्रायव्हर धरून शंभर माणसं म्हणजे चारशे ताटं, रोज, एका ट्रेलरमधून, तेही प्रोपेनच्या शेगड्यांवर.

स्वयंपाकाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मैदानावरून तो दिसत नाही. जुलैत मैदानावर डांबर वितळेल असं ऊन असतं आणि मुलं आठ-दहा तास बाहेर असतात. ट्यूबा वाहणाऱ्याच्या खांद्यावर दहा-पंधरा किलोचं ओझं. भूक मरते, घाम थांबत नाही. पहिल्या वर्षी चार मुलं उन्हानं आडवी झाली. दुसऱ्या वर्षीपासून मी सकाळच्या विश्रांतीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी मोठ्या पिंपातून द्यायला लागले आणि रात्रीच्या जेवणात आठवड्यातून एकदा मुगाच्या डाळीची मऊ खिचडी. पहिल्यांदा शंका होती. पण दमलेल्या पोटाला काय चालतं हे पोट ओळखतं. पातेली घासूनपुसून रिकामी आली. मुलं मला "आई" म्हणायला लागली, लेकीच्या तोंडून ऐकून. निम्म्यांना ते माझं नावच वाटायचं.

गरम अन्न 135 अंश फॅरनहाइटच्या वर आणि थंड अन्न 41 च्या खाली, मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात. हे मी अन्नसुरक्षेच्या वर्गात शिकले आणि तो तक्ता दाराला लावला. शंभर माणसांचं पोट एका रात्री बिघडलं तर दौरा तिथेच संपतो.

दुसऱ्या ओपन क्लास हंगामात आमची मुलं छान वाजवू लागली. गुणपत्रिका कशी असते तेही मी त्याच वर्षी समजून घेतलं. शंभरपैकी चाळीस गुण एकूण परिणामाला, तीस दृश्याला, तीस संगीताला. परीक्षक पाहता पाहता आपलं बोलणं ध्वनिमुद्रित करतात आणि ते कोअरला ऐकायला मिळतं. एका परीक्षकाच्या मुद्रणात आमच्या स्नेअरच्या रांगेसमोर तो थांबल्याचं ऐकू येतं, मग नुसता श्वास, मग "पुन्हा असंच वाजवा." लेकीनं ते मला फोनवर तीनदा ऐकवलं. केव्हलार या चिवट कृत्रिम धाग्याच्या ताणलेल्या पानावर नऊ जोड्या काठ्या एकाच क्षणी पडतात तेव्हा येणारा तो कोरडा, कडक आवाज मला नदीपात्रातल्या ताशांकडे घेऊन जातो. इंडियानातल्याच मॅरियनला ओपन क्लासचं अजिंक्यपद होतं, तिथे आम्ही चौथे आलो. त्याच शरद ऋतूत वर्ल्ड क्लाससाठी पहिला अर्ज केला.

उत्तर आलं, अजून नाही.

संचालक दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पालकांमध्ये संताप होता, कारण गुणांच्या दृष्टीनं वर्ल्ड क्लासच्या तळाशी असलेल्या काही कोअरच्या आम्ही बरोबरीला होतो. मला मात्र पत्र वाचताना शरम वाटली, कारण त्यात लिहिलेलं सगळं खरं होतं. खर्च मंजूर करणारा, चेकवर सही करणारा आणि बँकेचा ताळमेळ घेणारा माणूस आमच्याकडे एकच होता. डिझेल संचालकांच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डावर भरलं जात होतं आणि नंतर त्यांना पैसे दिले जात होते. बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून हिशोब तपासलेला नव्हता. राखीव निधी जेमतेम तीन आठवड्यांचा. संचालक मंडळात पाच जण, पाचही पालक, म्हणजे मूल बाहेर पडलं की मंडळही रिकामं. या त्रुटी मला रोज दिसत होत्या. मी अकाउंटंट आहे आणि मी गप्प बसले होते, कारण सगळे मित्र होते आणि सगळे रात्रंदिवस राबत होते.

इतकी कडक तपासणी का, याचं उत्तर मोठ्या कोअरच्या हालहवालातच आहे. सांता क्लारा व्हॅनगार्ड 2018 चं विजेतं. 2023 चा हंगाम त्यांनी आर्थिक घडी बसवण्यासाठी सोडून दिला आणि 2024 ला ते परतलं. 1934 पासून चालत आलेलं कॅडेट्स 2024 मध्ये कायमचं थांबलं. असल्या नावांवर ही वेळ येते, तर आमच्यासारख्या नव्यांकडून तीन आठवड्यांचा निधी कोण मान्य करणार?

ते वर्ष मी खजिनदार म्हणून काढलं. आधी तिन्ही कामं तीन माणसांकडे दिली. मंडळात एक वकील, एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि एक विमा क्षेत्रातला माणूस आणला, तिघांचीही मुलं कोअरमध्ये नव्हती. अर्जुनाला दिसणाऱ्या पक्ष्याच्या डोळ्यासारखं एकच ठरवलं: मे महिन्यात बस निघण्याआधी दौऱ्याचा सगळा खर्च बँकेत. शरद ऋतूत आम्ही फुटबॉल सामन्यांना खाण्यापिण्याचे स्टॉल चालवले, थंडीत कुडकुडत हॉट डॉग विकले. मोठी कोअर हंगाम संपला की वाद्यं विकतात. त्यातली दोन वर्षं वापरलेली बारा बॅरिटोन आम्ही घेतली, नवी घ्यायची ताकद असूनही. संगीताच्या रूपांतराचे हक्क मिळाल्याशिवाय एक पानही मुलांच्या हाती द्यायचं नाही असा नियम केला. लेखापरीक्षकाचा अहवाल हातात आला त्या दिवशी मी देवापाशी साखर ठेवली.

आणि बस. बसचा विषय सोपा वाटतो. इथल्या कायद्यानं प्रवासी वाहनाच्या चालकाला आठ तासांच्या सलग विश्रांतीनंतर दहा तासच गाडी चालवता येते. म्हणजे कार्यक्रम रात्री दहाला संपला आणि पुढचं गाव सहा तासांवर असलं, तर ड्रायव्हर दिवसा हॉटेलात झोपलेला असायला हवा. त्याची खोली आधीच ठरवायला हवी आणि ती शांत हवी. वेळापत्रक खरं तर त्याच्या झोपेभोवती बांधायचं असतं. आमचा मोठा ट्रक एका ट्रम्पेटवाल्या मुलीचे आजोबा चालवत, तीस वर्षं लांब पल्ल्याचे ट्रक चालवलेले. त्यांनी मला एक शिकवलं: वेळापत्रकात एक तास कुणालाही न सांगता मोकळा ठेवायचा.

पाहणीच्या आदल्या रात्री तो तासही पुरला नाही. पाहणी सकाळी होणार हे माहीत होतं. रात्री पावणेबाराला दोन नंबरच्या बसचं इंजिन तापलं आणि ती महामार्गाच्या कडेला थांबली. बस भाड्याची होती. कंपनीला फोन लावला तर पर्यायी गाडी तीन तासांवर. मी आणि ट्रक पुढे निघून गेलो होतो, फोनवर सगळं ऐकत होते. माझी लेक त्याच बसमध्ये होती. आमच्या फाइलमध्ये या प्रसंगासाठी एक पान होतं, ते त्या वकिलाच्या आग्रहानं लिहिलेलं. त्यात लिहिल्याप्रमाणे मुलांना बसमधून उतरवून लोखंडी कठड्याच्या पलीकडे गवतावर बसवलं, दोघा-दोघांची मोजणी केली, महामार्ग पोलिसांना कळवलं, पाणी दिलं. पहिली बस पुढच्या विश्रांतीथांब्यावर थांबली, एकटी पुढे गेली नाही. लेकीनं नंतर सांगितलं, सगळ्या स्नेअरवाल्यांनी अंधारात गुडघ्यांवर हातानं पूर्ण कार्यक्रम वाजवून काढला, हळू आवाजात, दोनदा.

पहाटे चारला मी एकटी ट्रकमध्ये होते. फ्रीजची नोंद केली. संचालकांचा फोन आला. ते म्हणाले, "नऊला पाहणीवाले येतायत. मुलांना साडेआठला उठवलं तर सराव दाखवता येईल." त्यांच्या आवाजात विनवणी होती, मला विचारत नव्हते, स्वतःलाच विचारत होते. आमचा नियम होता, पाठ टेकल्यापासून आठ तास. मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "नाही. साडेबारा." आणि फोन ठेवला. त्या माणसाबद्दल मला त्या क्षणी जो आदर वाटला तो कमी झालेला नाही.

सकाळचा सराव बुडाला. संध्याकाळच्या कार्यक्रमात आमचे गुण दोन दिवसांपूर्वीच्यापेक्षा सव्वानं उतरले. पाहणीवाल्यांनी दिवसभर मैदानाकडे फार पाहिलंच नाही. त्यांनी बसचा करार पाहिला, विम्याची कागदं पाहिली, स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासल्याची यादी पाहिली, मुलांची औषधं कुठे कुलपात ठेवता ते विचारलं, दोन मुलांना बाजूला घेऊन त्यांच्याशी बोलले. जाताना बाई माझ्यापाशी आल्या. "काल रात्रीचं ते पान मला मिळेल का?" मी झेरॉक्स दिली.

ऑक्टोबरमध्ये पत्र आलं. आम्ही वर्ल्ड क्लास झालो. संचालकांनी ते मोठ्यानं वाचलं आणि मधेच त्यांचा आवाज बसला, मुख्याध्यापिकाबाईंनी उरलेलं वाचून दाखवलं.

वर चढण्यात जे दुखतं त्याची तयारी माझ्याकडे नव्हती. नाव वर्ल्ड क्लासच्या यादीत गेलं आणि त्या हिवाळ्यात निवडीला तिप्पट मुलं आली, टेक्ससहून, फ्लोरिडाहून, विमानानं. दीडशेच्या आसपास जागा. आमची जुनी मुलं त्यांच्याशी स्पर्धेला उभी. पहिल्या शिबिरातली ती वाकलेली ट्यूबा ज्यानं वाजवली होती तो मुलगा डिसेंबरात गळला. एकोणीस वर्षांचा, पहिल्या दिवसापासूनचा. शिक्षकांनी गुण बरोबर दिले होते, मी ते पाहिले, त्यात पक्षपात नव्हता. तरी मला तो निर्णय आजही पचत नाही. ज्यांनी घर बांधलं त्यांना दार लावायचं, हे कुठल्या फॉर्ममध्ये भरायचं? शुल्कही वाढलं. ओपन क्लासमध्ये निम्म्यात व्हायचं, आता ते चार हजार डॉलरच्या पुढे गेलं. शिष्यवृत्तीचा निधी मी अंदाजपत्रकात सगळ्यात वरच्या ओळीत ठेवला, कारण खालच्या ओळी मेपर्यंत कापल्या जातात. तरी दोन मुलं पैशासाठी गेली. त्यांची नावं माझ्या वहीत आहेत.

तो ट्यूबावाला मुलगा फेब्रुवारीत माझ्याकडे आला. "आई, ट्रकमध्ये जागा आहे?" मी त्याला अ‍ॅप्रन दिला.

वर्ल्ड क्लासचा उन्हाळा जूनच्या शेवटापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. दोनशे माणसं, आठशे ताटं. त्या पोरानं कांदे चिरायला घेतले ते सहा आठवडे थांबला नाही. मैदानावरून कार्यक्रमाचा शेवटचा भाग ऐकू आला की त्याचे ओठ ट्यूबाच्या सुरावर हलायचे, हात चालूच. एकदाही तो मैदानाच्या कडेला पाहायला गेला नाही. मीही त्याला जा म्हटलं नाही.

इंडियानापोलिसला गुरुवारी प्राथमिक फेरी असते. त्यातले पंचवीस शुक्रवारी उपांत्य फेरीत जातात, त्यातले बारा शनिवारी. लेकीचं ते शेवटचं वर्ष, वयाची मर्यादा संपत होती. दुपारी स्टेडियमच्या बोगद्यात मला आणि त्या मुलाला स्वयंसेवकांचे पट्टे बांधून उभं केलं. या वेळी तो आला. आत दिव्यांचा झोत, वर मिटलेलं छप्पर, आणि स्नेअरच्या रांगेत डावीकडून तिसरी माझी लेक, हनुवटी वर, आठव्या वर्षी ताशा घालून उभी राहायची तशीच. पहिला ठोका पडला आणि तो आवाज छपराला लागून परत माझ्या छातीवर आला. शेजारी तो मुलगा ट्यूबाची पहिली ओळ मोठ्यानं गात होता, डोळे वाहत होते, पुसतही नव्हता.

क्रमांक रात्री कळले तेव्हा आम्ही ट्रकमध्ये परतलो होतो. चोविसावे. त्यानं फोन माझ्यासमोर धरला, मग सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल असं ओरडला. मुलं बसमधून उतरून धावत आली, कुणीतरी त्याला खांद्यावर घेतलं, लेकीनं माझ्या गळ्यात हात टाकले, तिच्या तळव्यांवर काठ्यांचे घट्टे होते. शुक्रवारी आम्हाला सगळ्यात आधीच्यांत वाजवायचं होतं, म्हणजे मुलांना लवकर उठवायचं, म्हणजे नाश्ता पहाटेच. मी त्यांना झोपायला पिटाळलं. त्यानं फ्रीजच्या तक्त्यावर नोंद केली, खाली स्वतःची सही केली, आणि आम्ही दोघांनी अंडी फोडायला घेतली.